साहेबांचा दुसरा डोळा

१

साहेबांना वाटीतलं पाणी चालत नाही. वाटी समोर ठेवली तर तहानेने व्याकूळ होतील, पण तोंड लावणार नाहीत. पानावर थेंब हलला, चमकला, तरच ते पाणी, असं त्यांचं ठाम मत. म्हणून नाइट शिफ्ट संपवून सकाळी घरी आलो की बूट काढायच्या आधी मी फवारणीची बाटली उचलायचो आणि पिंजऱ्यातल्या जास्वंदीवर पाणी मारायचो. साहेब लांबूनच जीभ काढून एकेक थेंब टिपायचे.

साहेब म्हणजे आमचा कॅमेलिअन. रंग बदलणारा सरडा. गावाकडे ज्याला घोयरा म्हणतात त्याचा परदेशी भाऊबंद. डोक्यावर तुरा, शेपटी गुंडाळलेली, चाल अशी की एक पाऊल टाकायच्या आधी मीटिंग घ्यावी. रोहिणी, माझी बायको, माणच्या आयटी पार्कात हेल्पडेस्कवर आहे. तिथला एक इंजिनिअर जर्मनीला गेला आणि जाताना पिंजरा, दिवे, कागदपत्रं यांसकट हे प्रकरण तिच्या गळ्यात घालून गेला. नाव मात्र मी ठेवलं. याचे डोळे दोन दिशांना फिरतात. एक तुमच्यावर, तर दुसरा भलतीकडेच. एक डोळा लाइनवर आणि एक गेटवर ठेवणारे साहेब लोक मी चाकणच्या कंपनीत इतके पाहिलेत की दुसरं नाव सुचलंच नाही.

खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. ते पार्सलने येतात, बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या डब्यात गाजर खाऊन राहतात. त्यांना चिमूटभर कॅल्शियमची पावडर लावायची, स्टीलच्या पेल्यात टाकायचं आणि पेला पिंजऱ्यात ठेवायचा. पण दिवसाआड. जास्त झालं तर साहेबांचं पोट बिघडतं, आणि यांचा डॉक्टर शोधायचा म्हणजे अर्धं पुणे पालथं घालावं लागतं. आता घरात माणसं दोन. मी मोशीच्या या फ्लॅटमध्ये सकाळी येतो तेव्हा रोहिणी कंपनीच्या बसने निघून गेलेली असते, आणि ती वाकडच्या ट्रॅफिकमधून सुटून येते तेव्हा मी चाकणला पोचलेला असतो. कुणी घातलं, कुणी नाही, हे कळायचं कसं?

मी कंपनीतून एक पत्र्याचा बिल्ला आणला. आमच्याकडे शिफ्ट बदलताना तो मशीनवर लटकवतात. हिरवी बाजू वर म्हणजे काम झालं, लाल म्हणजे राहिलं. पुढच्या शिफ्टच्या माणसाशी बोलायचीही गरज नाही. तोच बिल्ला पिंजऱ्याला अडकवला. ज्याने खायला घातलं त्याने हिरवा करायचा, दुसऱ्या दिवशी पाणी मारणाऱ्याने लाल.

पुढे पुढे आमचा संसारच त्या बिल्ल्यावर आला. पालथा घातलेला कप म्हणजे ती चहा पिऊन गेली. ओला टॉवेल म्हणजे आंघोळ झाली. मी झोपायला पडायचो तेव्हा गादीत तिची ऊब असायची, तेवढीच भेट. मोबाइल मी लाइनवर नेऊ शकत नाही, तिला डेस्कवर घेता येत नाही. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, तिची शनिवार-रविवार. नवीन मॉडेलचं काम आल्यापासून माझा गुरुवारही ओव्हरटाइममध्ये गेला, आणि शनिवार-रविवारी ती राजगुरुनगरला आईकडे जायला लागली. शिफ्ट बदलून घ्या म्हणून आमचं एकदा जोरात वाजलं होतं. त्यानंतर मेसेजही बंद झाले. तरी बिल्ला रोज उलटत होता, त्यामुळे मला वाटायचं की चाललंय आपलं बरं.

एकटं वाटायचं, नाही असं नाही. भरल्या घरात एकटं वाटणं फार वाईट.

२

त्या सकाळी साहेब फांदीवर बसले होते आणि त्यांचा डावा डोळा माझ्यावर होता. उजवा बेडरूमच्या दारावर.

यात काही विशेष नाही. पण कॅमेलिअनचा डोळा सहसा टुकटुक फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. हा डोळा सरकत होता. पलंगाच्या दिशेकडून दाराकडे, दाराकडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे. कुणीतरी झोपेतून उठून पाणी प्यायला जावं त्या वेगाने. उंबऱ्यावर तो थांबला. मग आला तसा परत गेला.

मी क्वालिटीत आहे, तयार माल तपासतो. आमच्या कामात डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, मापाचं गेज लावून बघतात. म्हटलं, रातकिडा सुटला असेल. गुडघ्यांवर बसून अख्खं घर शोधलं. किडा काही सापडला नाही, पलंगाखाली माझाच हरवलेला मोजा तेवढा सापडला. साहेबांना हिरवा रंग चढला होता, म्हणजे स्वारी खुशीत. मी जवळ गेल्यावर मात्र अंगावर काळपट पट्टे आले. अनोळखी माणूस दिसला की ते असे काळवंडतात. मी रागावलो. तुझी शी मी काढतो, म्हटलं, आणि मलाच डोळे वटारतोस?

त्याच आठवड्यात चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर आडवा झाला आणि आमची बस अडकून पडली. घरी पोचेपर्यंत दुपार झाली. तसाच पलंगावर कोसळलो आणि क्षणभराने उठून बसलो.

गादी गरम होती.

रोहिणी पहाटेच गेलेली. उन्हाने तापली म्हणावं, तर दिवसा झोपता यावं म्हणून मीच बेडरूमच्या काचांवर जुने पेपर चिकटवलेले. तिथे भरदुपारी दिवा लावावा लागतो. मी हात फिरवून पाहिला. ऊब सगळीकडे नव्हती. भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजल्यावर जेवढी जागा लागते, तेवढीच. मग स्वतःलाच समजावलं की बाईला बरं वाटत नसेल, उशिरा गेली असेल. विचारावं असं वाटलंही. पण विचारायचं म्हणजे आधी कुणीतरी अबोला सोडायचा, आणि तो मी का सोडावा?

झोप मात्र त्या उबेत छान लागली.

३

शेजारच्या सुमनताई जिन्यात भेटल्या. हातात थालीपिठांचा डबा होता.

"घ्या हो जयसिंगभाऊ. एकटे कसं करता खाण्यापिण्याचं? रोहिणी कधी येणारे माहेराहून?"

"येईल की रविवारी," मी सवयीने म्हणालो. "दर आठवड्याला जाते ती."

"दर आठवड्याला कुठलं! गेली ती मोठी बॅग घेऊन. पंधरवडा तरी झाला असेल. कामाला तिकडूनच जाते म्हणाली, भावाबरोबर." माझा चेहरा पाहून त्या चपापल्या. "म्हणजे... तुम्हाला सांगूनच गेली ना? मला तर तसं म्हणाली."

डबा घेऊन मी घरात आलो. कप पालथा होता. टॉवेल ओला होता. पिंजऱ्यावर बिल्ला हिरवा.

शनिवार होता, तिला सुट्टी. फोन लावला. रोहिणीने पहिल्या घंटेतच उचलला.

"तू गेलीस आणि मला कळवलंही नाहीस?" मी म्हणालो.

"असं काय करता?" तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "गेले त्या गुरुवारी हाफ डे टाकून आले होते ना दुपारी. तुम्ही पडला होतात भिंतीकडे तोंड करून. मी पलंगावर बसून सगळं बोलले. की मला हे असं घर नको. मला माणूस हवाय, बिल्ला नको. शिफ्ट बदलेपर्यंत आईकडे राहते."

"मग? मी काय म्हणालो?"

"हं म्हणालात."

"एवढंच?"

"एवढंच. पण पहिल्यांदा तुम्ही उठून भांडला नाहीत. माझं सगळं ऐकून घेतलंत. मी रडले तेव्हा हातसुद्धा धरलात, मागे न वळता. खरं सांगू? त्यामुळेच वाटतंय की अजून काही बिघडलेलं नाही."

तो गुरुवार मला पक्का आठवत होता. मालातलं एक भोक वाकडं निघालं म्हणून अख्खा लॉट तपासायला आम्हाला कंपनीतच थांबवलं होतं. दुपारी मी कॅन्टीनमध्ये माझ्या लाइनवरच्या समाधानसमोर बसून गार वरणभात खाल्ला आणि संध्याकाळी तिथूनच पुढच्या शिफ्टला उभा राहिलो. घरी मी आलोच नव्हतो.

हे तिला सांगायला तोंड उघडलं. पण त्या हात धरण्याने तिचा आवाज इतका मऊ झाला होता की माझी जीभच रेटेना. 'तो मी नव्हतो' असं म्हणालो असतो, तर ती कायमचीच गेली असती.

"ऐकताय ना?" ती म्हणाली.

"हं," मी म्हणालो, आणि फोन हातात धरून बराच वेळ बेडरूमच्या दाराकडे बघत राहिलो. साहेबही तिकडेच बघत होते.

४

राजगुरुनगरला गेलो तेव्हा सासूबाई, तानाबाई, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी चहा दिला आणि मुलीला हाक मारायच्या आधी माझ्याजवळ सरकून बसल्या.

"जावईबापू, येक सांगू? त्यो घोयरा घरात नगं. आमच्या बांधावर लय असायचं. दोन डोळं दोन दिशेला. त्याचं ध्यान कुणावर हाय, कळतच न्हाई."

"मुका जीव आहे हो तो."

"व्हय, मुका हाय. म्हनून तर." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वाळलाय तुमी. घरात कोन बघतं का न्हाई तुमच्याकडं?"

मी कप उचलून चहा प्यायला लागलो.

रोहिणी बाहेर आली. केस धुतलेले, चेहरा उतरलेला. कितीतरी महिन्यांनी मी तिला दिवसाउजेडी समोर उभी पाहत होतो. तिच्या कपाळाजवळ एक केस पांढरा झाला होता आणि तो कधी झाला मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "शिफ्ट बदलून घेतो. जनरल. सकाळी बरोबर निघू, संध्याकाळी बरोबर जेवू. ये तू."

"खरंच घ्या बदलून. मग येते. पण आले आणि पुन्हा तेच दिसलं, तर मग मी नाही हं परत येणार."

अर्ज केला, विनवण्या केल्या, आणि खरोखरच मला जनरल शिफ्ट मिळाली, पुढच्या सोमवारपासून. रविवारी दुपारी येते, असं रोहिणीने कळवलं. आता एकच काम उरलं होतं. ती यायच्या आत ते घर पुन्हा आमचं दोघांचं करायचं.

५

तोवर मी बेडरूममध्ये झोपणं सोडलं होतं. हॉलमध्ये चटई टाकायचो, पिंजऱ्यासमोर. आतून कधी काही आवाज आला नाही. पलंगाची फळी तेवढी करकरायची, माणूस कुशीवरून कुशीवर होतो तशी. लाकूड आहे, करकरणारच. संध्याकाळी उठल्यावर कप पालथा असायचा. मीच घातला असेल, झोपेत. अशी कारणं मला भरपूर सुचायची.

शनिवारी सकाळी कंबर कसली. आधी बिल्ला पिंजऱ्यावरून काढून हॉलमधल्या कपाटात कोंबला. यापुढे या घरात तोंडाने बोलायचं. मग बादली, सुरी, फडकं घेऊन बेडरूममध्ये गेलो आणि काचांवरचे पेपर खरवडून काढायला लागलो. पेपर निघत गेले तशी पलीकडच्या प्लॉटवरची क्रेन दिसली, वाळत घातलेल्या चादरी दिसल्या. खोलीत भसाभस ऊन आलं. मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क गाणं गुणगुणलो. गादी उचलून बाल्कनीत टाकली, झोडपली, उन्हात तापवली, परत आणली. स्वच्छ चादर घातली. कुठे सुरकुती नाही.

मग बाहेर येऊन साहेबांना पाणी मारलं. ते मला पाहून काळवंडले. अगदी काळे. फांदीच्या मागे सरकले. आणि त्याच वेळी त्यांचा उजवा डोळा हळूच बेडरूमकडे वळला, आणि तो वळल्याबरोबर त्यांच्या अंगावरचा काळेपणा ओसरून हिरवा रंग चढला. घरचं माणूस दिसल्यासारखा.

मी बाटली खाली ठेवली. पिंजऱ्याकडे पाठ केली आणि दारापर्यंत गेलो.

पलंगावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलेलं होतं. भर उन्हात. कंपनीचा निळा शर्ट, कॉलरच्या आत घामाने पिवळी पडलेली कड. भेगाळलेल्या टाचा. मानेवर, केसांच्या खाली, एक चामखीळ. श्वास शांत चालला होता.

मला वाटलं, कुणीतरी परकं घरात घुसलंय. ओरडणार होतो. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही, म्हणून ओळखायला वेळ लागला. मग माझा हात आपोआप माझ्या मानेवर गेला, केसांच्या खाली. चामखीळ बोटांना लागली.

त्या हालचालीने पलंगावरचा श्वास थांबला. ऐकण्यासाठी थांबावा तसा. खांदा जरासा वळू लागला.

मी दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि कपाट ढकलत आणून दाराला लावलं. डोकं मात्र हिशेबी चालत होतं. उद्या रोहिणी येईल. दोन माणसं घरात बोलायला लागली, हसायला लागली, की हे राहणार नाही. रिकाम्या जागेतच असलं काही शिरतं. आपण जागा रिकामी ठेवली, हे आपलं चुकलं. आता नाही ठेवायची.

६

रविवारी मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. कपाट जागेवर सरकवलं, कडी मात्र तशीच ठेवली. तिला काहीतरी कारण सांगू, म्हटलं. फळी मोडलीय म्हणू.

दुपारी खाली तिच्या भावाची गाडी थांबल्याचा आवाज आला. तिच्या चपला जिन्यावर वाजल्या. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं तेव्हा मी दारातच उभा होतो.

"आलीस?" मी म्हणालो आणि बॅग घ्यायला हात पुढे केला.

तिने बॅग माझ्या पायाशी ठेवली. चपला काढल्या. माझ्या बाजूने आत गेली.

रुसलीय, म्हटलं. एवढं झाल्यावर रुसणारच.

"अगं बाई, साहेब! केवढे हिरवेगार झालात!" ती पिंजऱ्यापाशी बसली. बाटली उचलून जास्वंदीवर पाणी मारलं. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. बोललो. जनरल शिफ्ट मिळाली म्हणून सांगितलं. काचा बघ, म्हटलं, सगळे पेपर काढून टाकले. ती थेंब टिपणाऱ्या साहेबांकडे बघून हसत होती.

"रोहिणी," मी म्हणालो. मग मोठ्याने म्हणालो. तिसऱ्यांदा ओरडलोच. ती उठली आणि बेडरूमच्या दाराकडे पाहून तिने कपाळाला आठी घातली.

"कडी बाहेरून कशी लागलीय? अहो?"

"नको उघडू," मी तिचा हात धरला. मला तिच्या बांगड्या लागल्या, मनगटाची नाडी लागली. तिने दुसऱ्या हाताने मनगट सहज चोळलं, जसं वारं लागल्यावर चोळतात, आणि कडी काढली.

आतून ऊन बाहेर आलं. ती उंबऱ्यावर थांबली आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा मी तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिला होता.

"झोपलाय होय? उठा आता. चहा टाकते."

"हं," आतून आवाज आला.

तिने चहा केला. दोन कप भरले. कप घेऊन ती आत गेली, पलंगाची फळी करकरली, आणि मग तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं. आईचं, भावाचं, सोमवारी कोणत्या बसने निघायचं याचं. मध्ये मध्ये ते हं. एकदा ती मनापासून हसली. त्या हसण्यासाठीच मी शिफ्ट बदलून घेतली होती.

मी पिंजऱ्यासमोर येऊन बसलो. साहेबांचे दोन्ही डोळे बेडरूमकडे लागले होते. मी हात हलवला. जाळीला नाक लावलं. त्यांना काळा रंगसुद्धा चढला नाही. माझ्याकडे त्यांचा एकही डोळा नव्हता.

काय करावं कळेना, तेव्हा हात नेहमीचं काम करायला लागले. बाल्कनीतल्या डब्यातून रातकिडे काढले, पावडर लावली, पेला पिंजऱ्यात ठेवला. कपाटातून बिल्ला काढून जागेवर अडकवला आणि हिरवी बाजू वर केली. रिकामे कप घेऊन रोहिणी बाहेर आली तेव्हा तिचं लक्ष बिल्ल्याकडे गेलं.

"खायलाही घातलंत यांना? कधी घातलंत हो?" तिने आत पाहत विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती कप धुवायला गेली.

आता ते दोघं सकाळी बरोबरच निघतात. ती कुलूप लावते, तो जिना उतरतो. त्याची पाठ मी बाल्कनीतून पाहतो. दोघांच्या बस वळणावरून दिसेनाशा झाल्या की मी साहेबांना पाणी मारतो, कप पालथे घालतो आणि बेडरूममध्ये जाऊन पडतो, भिंतीकडे तोंड करून.

गादी अजून गरम असते.